ऑपरेशन झालं ना, मग आता काय?

जानेवारी २०२५ पासून या ब्लॉगवर मी एक ओळही लिहिलेली नाही. काहींनी फोन करून चौकशी केली, काहींनी म्हातारीला कंटाळा आला असेल असं समजून सोडून दिलं. कारण साधं होतं, उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं होतं. आजचा लेख मी रोज दहा-पंधरा ओळी अशा बेताने, मधेमधे हात झटकत, बऱ्याच दिवसांत टाइप केला आहे. त्यामुळे कुठे सूर बदललेला वाटला तर तो त्या त्या दिवशीच्या हाताचा समजावा.

आणि सूर आज जरा चढाच असणार आहे, हेही आधीच सांगून टाकते. माझं भांडण एका वाक्याशी आहे. "ऑपरेशन झालं ना, मग आता काय?" गेल्या आठ महिन्यांत हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की मोजणं सोडून दिलं. हा लेख वाचणाऱ्यांपैकी निदान सहा जण त्यात आहेत. नावं घेत नाही, ज्याची त्याला कळेल. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी दुखणं काय ते सांगते. मनगटाच्या आत, तळहाताच्या बाजूला, हाडांचा एक अरुंद बोगदा असतो आणि त्यावर छतासारखा एक जाड पट्टा ताणलेला असतो. त्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्याच गर्दीत एक नस, मीडियन नर्व्ह. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची जाणीव या नशीकडे. जागा आणखी आवळली की नस दबते आणि बोटं बधिर होतात. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. बायकांना जास्त होतो, मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांना जास्त होतो. मला थायरॉइड आहे. चौतीस वर्षं फळ्यावर खडू चालवल्यामुळे झालं असं सांगायला मला आवडलं असतं, त्यात जरा हौतात्म्य आहे, पण सर्जन म्हणाले तसं खात्रीने म्हणता येणार नाही. असो.

चार वर्षं मी ते अंगावर काढलं. रात्री दोन-अडीचला जाग यायची, हात मेलेला. उठून पलंगावर बसून झटकायचा, मग जरा मुंग्या येऊन जिवंत व्हायचा. पुढे चहाचा कप सुटायला लागला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो झिजून सपाट झाला, तेव्हा मुलगा मला धरून घेऊन गेला. नशीतून वीज सोडून ती किती वेगाने जाते ते मोजण्याची एक तपासणी असते, ती केली. उशीर झालाय, आता ऑपरेशनच, असं ठरलं. संक्रांत झाली आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. फक्त हात बधिर केला होता. अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोपलं, तो पट्टा कापून नशीला जागा करून दिली आणि संध्याकाळी मी सांगलीतल्या माझ्या घरी, माझ्या पलंगावर. सर्जनचा हात चांगला होता, व्रण आज नखाने ओढलेल्या रेघेएवढा दिसतो. म्हणजे माझी तक्रार त्यांच्या हाताबद्दल नाही, हे नीट लक्षात घ्या.

घरी येताना एक छापील कागद दिला. त्यावर सूचना होत्या. पट्टी भिजवू नका, हात उशीवर उंच ठेवा, बोटं हलवत राहा, वजन उचलू नका, या गोळ्या या वेळी, ताप आला तर कळवा, बाराव्या दिवशी टाके. मी शिक्षिका आहे, छापील सूचना मी परीक्षेच्या पेपरासारख्या वाचते. दोनदा वाचल्या. सगळ्या पाळल्या. टाके निघाले. "एकदम छान, आजी," असं सर्जन म्हणाले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

नंतर जे झालं त्याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बोटांत चमका सुरू झाल्या. विजेचा झटका बसावा तशा, अवचित. तळहाताचं बूड असं दुखायचं की त्यावर भार देऊन खुर्चीतून उठता येईना. बोटांची टोकं कधी जळल्यासारखी, कधी लाकडाची. मूठ ऑपरेशनच्या आधीपेक्षाही ढिली. मी मनाशी निष्कर्ष काढला की ऑपरेशन फसलं, आणि कोणी मला सांगत नाहीये.

आणि मी बदलले. हे लिहायला जड जातंय, पण लिहिते, कारण लेखाचा मुद्दा तोच आहे. एके सकाळी आमटीची वाटी हातातून निसटली. वाटी स्टीलची, फुटायचं कारण नाही, आमटी तेवढी सांडली. मी ओट्याला टेकून रडायला लागले ती अर्धा तास. चौतीस वर्षांत वर्गासमोर मी एकदाही रडले नव्हते. ब्लाउजचे हूक लावायला सूनबाईला हाक मारायची म्हणून मी दहा-दहा वाजेपर्यंत गाऊनमध्येच बसायला लागले, आणि ती आपणहून आली की तिच्यावर चिडायचे. तिचा काय दोष? रात्री झोप नाही, दिवसा कोणाशी बोलणं नको. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहायचं. आमचे हे म्हणायचे, "अगं, सगळं व्यवस्थित झालंय, आता कशाला त्रास करून घेतेस?" जणू त्रास ही मी दुकानातून विकत आणायची वस्तू आहे.

एका दुपारी सात वर्षांचा नातू जवळ येऊन बसला आणि "आजी, इथे कापलं का गं?" म्हणत त्याने व्रणावर बोट ठेवलं. हलकंच ठेवलं होतं. माझ्या हाताला ते विस्तव टेकल्यासारखं झालं आणि मी डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. मग उठून आईकडे गेला. पुढचे दहा-बारा दिवस तो माझ्या खोलीच्या दारातूनच बोलायचा, आत यायचा नाही.

हे घडलं तेव्हा मला वाटलं की मी मुळातच वाईट बाई आहे आणि आजवर ते लपलं होतं, इतकंच.

आता फोनवरच्या उपदेशांकडे येते. "पॉझिटिव्ह राहा." "नामस्मरण कर." "तुला काय कमी आहे? मुलगा-सून विचारतात, पेन्शन आहे." "लोकांना कॅन्सर होतो, तुझं तर नुसतं मनगट." रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर लिहिलेले सुविचार मोबाइलवर, तेही बोटाने सरकवायचे, म्हणजे पुन्हा चमक! यातला प्रत्येक माणूस प्रेमाने बोलत होता हे मला मान्य आहे. पण प्रेमाने दिलेलं उत्तर चुकलं असेल तर मी त्याला गुण देत नाही, वर्गातही कधी दिले नाहीत. या सगळ्या उपदेशांत एक गोष्ट समान आहे. शरीराचं काम संपलं, आता जे उरलंय तो तुझ्या स्वभावाचा दोष, असा त्याचा अर्थ होतो. आणि तो साफ चूक आहे. शरीराचं काम संपलेलंच नव्हतं, ते सुरू झालं होतं.

हे मला कोणी सांगितलं? माझ्याच एका विद्यार्थिनीने. मार्चमध्ये हाताच्या व्यायामासाठी म्हणून गेले तर फिजिओथेरपिस्ट समोर उभी राहून म्हणाली, "बाई, ओळखलंत का? दहावी ब." शेवटच्या बाकावरची, व्याकरणात कच्ची. तिने माझा हात टेबलावर ठेवला, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावली आणि म्हणाली, "किती भरले बाई?" साधारण अठरा सेंटिमीटर. "म्हणजे एकशे ऐंशी मिलिमीटर. दबून मेलेला नशीचा धागा पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. आता तुम्हीच करा गणित."

एकशे ऐंशी दिवस. सहा महिने. चौथीतलं पोरही करील असं गणित, आणि ते दोन महिने मला कोणी घातलं नव्हतं!

तिने पुढेही समजावलं. नस थोडी दबलेली असेल तर नुसतं तिच्यावरचं आवरण खराब झालेलं असतं, ते काही आठवड्यांत सुधारतं. खूप दिवस दबली असेल तर आतले धागेच मरतात आणि मग ही मिलिमीटरची वाटचाल. वाढणारे धागे सुरुवातीला उगीचच ठिणग्या टाकतात, त्या चमका. तळहाताच्या बुडाचं दुखणं या ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं, तीन-तीन, सहा-सहा महिने राहू शकतं. मुठीची ताकद आधी कमी होते आणि दोन-तीन महिन्यांनी परत यायला लागते. व्रणाभोवतीची कातडी स्पर्श सहन करत नाही, तिला पुन्हा शिकवावं लागतं. "आणि बाई, या दिवसांत खूप जण रडतात. चिडतात. मला रोज दिसतात." हे ती हात चोळता चोळता म्हणाली, इतक्या सहज की मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. "तुमचा झिजलेला उंचवटा मात्र पूर्ण भरून येईलच असं नाही," हेही तिने सांगितलं. वाईट बातमी होती, पण त्या रात्री मी चांगली झोपले. मला न सांगून घाबरवलं गेलं होतं आणि सांगून धीर मिळाला, हे मी अनुभवाने सांगते. "सगळं सांगितलं तर पेशंट घाबरतात" असं म्हणणाऱ्या डॉक्टरांनी याचा विचार करावा.

मग मी जरा हट्टाला पेटले. पुण्याच्या मुलीला सांगून वाचायला मागवलं. तिने इंग्रजी कागद छापून पाठवले आणि मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईला वेळ लागतो, पण कळतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. त्यात नसांना गोळ्या लागलेल्या सैनिकांवर फिलाडेल्फियाच्या एका इस्पितळात सायलस वेअर मिचेल नावाचा डॉक्टर उपचार करत होता. त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर १८६४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याने नोंदवलं आहे की जळजळणाऱ्या नशीच्या वेदनेत माणसाचा स्वभाव बदलतो, तो चिडका होतो, झोप जाते, शेजाऱ्याच्या वर्तमानपत्राची खुळखुळ आणि वॉर्डातली कोणाची पावलंसुद्धा त्याला सोसत नाहीत. लढाईत गोळ्या खाल्लेले पुरुष हे! त्यांना कोणी "पॉझिटिव्ह राहा" म्हटलं होतं की नाही कोण जाणे. माझं दुखणं त्यांच्यापुढे किरकोळच, पण जात तीच. म्हणजे जवळजवळ एकशे साठ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी जे लिहून ठेवलं ते आमच्या कागदावर अजून यायचं आहे.

याच मिचेलची दुसरी गोष्ट मात्र वाचून मी हातातला कागद खाली ठेवला. पुढे तो मनाने खचलेल्या बायकांसाठी विश्रांतीच्या उपचाराकरता प्रसिद्ध झाला. १८८७ साली शार्लट पर्किन्स गिल्मन ही तरुण लेखिका बाळंतपणानंतरच्या खिन्नतेने त्याच्याकडे गेली, तर त्याने तिला घरसंसारात लक्ष घाल आणि आयुष्यात पुन्हा लेखणी हातात धरू नकोस असा सल्ला देऊन घरी पाठवलं. ती वेडाच्या काठापर्यंत गेली, मग सल्ला फेकून देऊन लिहायला बसली, आणि १८९२ साली तिची 'यलो वॉलपेपर' ही कथा छापून आली. बघा, सैनिकाचा स्वभाव बदलला तर ती नस, आणि बाईचा बदलला तर तो तिचा दोष! एकाच माणसाने दोन्ही केलं. मला तर आमच्या घरातलेच लोक आठवले.

आता एक भाषेचा मुद्दा, शिक्षिकेला तेवढी सूट द्या. 'वेदना' हा शब्द 'विद्' या धातूपासून आला आहे, ज्यापासून वेद आणि विद्या आले. विद् म्हणजे जाणणे. वेदना म्हणजे मुळात जाणीव. संवेदनाही तिथलीच. आपल्या भाषेत दुखणं आणि जाणणं यांची चूल कधी वेगळी नव्हतीच. आणि वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची जी व्याख्या केली तिच्यात संवेदनेच्या जोडीला 'भावनिक' हा शब्द आहे. २०२० साली व्याख्या सुधारली, तेव्हाही तो ठेवला. तेव्हा "दुखतंय ते ठीक, पण रडतेस कशाला" असं म्हणणाऱ्यांनी हे दोन वेगळे खाते कुठून काढले ते मला सांगावं.

माझी धाकटी बहीण हे वाचते आहे, तिचं म्हणणं टाळून चालणार नाही. ती फोनवर म्हणाली, "ताई, आपल्या आईने कधी एवढा बाऊ केला का गं? सहा माणसांच्या भाकऱ्या थापल्या तिने शेवटपर्यंत."

यावर मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. आता बोलते. अगं, आई रात्री उठून बसायची ते तुला आठवतं ना? माजघरात, अंधारात, हात झटकत. "मुंग्या येतात गं हाताला," म्हणायची. भाकरी थापता थापता मधेच थांबून परातीच्या कडेवर मनगट दाबून धरायची. पन्नाशीनंतर ती किती तिरसट झाली होती, भांडी आपटायची, तुझ्या लेकीला एकदा उलथनं फेकून मारलं होतं, आणि आपण दोघी काय म्हणायचो? "आईचा स्वभावच तसा झालाय हल्ली." बाबा म्हणायचे, "तिच्या वाटेला जाऊ नका." आणि आपण गेलो नाही. ती १९९४ साली गेली. तिला हेच होतं का, हे आता कोणी तपासून सांगू शकणार नाही. पण बाऊ तिने केला होता, रोज रात्री केला होता. आपण त्याला स्वभाव असं नाव दिलं आणि मोकळ्या झालो. माझ्या नातवाने माझ्याबद्दल हेच लक्षात ठेवावं असं मला वाटत नाही, म्हणून मी हा लेख लिहिते आहे.

गोळ्यांबद्दलही सांगायला हवं. नशीच्या दुखण्यासाठी मला प्रीगाबालिन दिलं होतं. त्याने गुंगी येते, तोल जातो, सकाळी डोकं लोकरीने भरल्यासारखं वाटतं. वन्सं म्हणाल्या, "असल्या गोळ्या डोक्यावर परिणाम करतात, बंद कर." मी एकदम बंद केल्या. मग तीन-चार रात्री डोळ्याला डोळा नाही, छातीत धडधड, जीव नकोसा. ही गोळी एकदम तोडायची नसते, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते, हेही नंतर कळलं. तेही कागदावर नव्हतं.

शेवटी एप्रिलमध्ये मुलीने मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. घरात कुजबुज झाली, "तिथे कशाला? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ते मी इथेच लिहून टाकते आहे, म्हणजे कुजबुजायचे कष्ट वाचतील. त्या डॉक्टरांनी पहिल्यांदा दोन साधे प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत, आधी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का? उदास किंवा निराश वाटतं का? दोन्हीला मी होकार दिला आणि जरा थांबून म्हटलं, "पण मला काही कमी नाही हो." ते हसले, म्हणाले, "कमी असायलाच हवं असा नियम नाही." नसेच्या वेदनेने, झोप नसल्याने, हात अडल्याने आलेली उदासी होती ती, आणि तिच्यावर इलाज होता. काय औषध दिलं ते लिहीत नाही, कारण आपल्याकडे एकाची गोळी दुसरा घेतो. वयस्कर माणसांत ही औषधं बेताने आणि देखरेखीखाली द्यावी लागतात. मे महिन्यात मी वर्तमानपत्राची घडी मोडली. सूनबाईच्या ते माझ्याआधी लक्षात आलं.

सर्जनवर माझा राग आहे का? थोडा आहे. बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली असतात, प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोलायला त्यांच्याकडे वेळ नाही, हे दिसत होतं मला. साठ मुलांच्या वर्गात मीही प्रत्येकाकडे बघू शकले नाही. पण म्हणूनच तर कागद छापतात ना! कागदाला वेळ लागत नाही. त्यात आणखी चार ओळी घाला एवढंच माझं मागणं आहे. नस हळू सुधारते, सहा महिने किंवा वर्षही लागू शकतं आणि उशिरा आलेल्यांची पूर्ण सुधारेलच असं नाही. चमका, जळजळ आणि ढिली मूठ यांना बरेच दिवस धरून चालावं, पण हात सुजला, लाल किंवा चकचकीत झाला, दुखणं रोज वाढत गेलं तर लगेच दाखवावं. या काळात चिडचिड, रडू, झोपमोड होऊ शकते, तो तुमचा दोष नाही, घरच्यांनाही हे वाचायला द्या. आणि दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत राहिलं तर आम्हाला सांगा. मी हे सुवाच्य अक्षरात, म्हणजे आता जेवढं सुवाच्य येतं तेवढ्या, लिहून जूनमध्ये त्या रुग्णालयात देऊन आले. स्वागतकक्षातल्या मुलीने घेतलं, "देते सरांना" म्हणाली. सप्टेंबर आलाय. कागद जुनाच आहे, शेजारच्या काकूंना परवा मिळाला तो मी बघितला. त्या चार ओळी मी त्याच्या मागे पेनने लिहून दिल्या.

ज्यांना डॉक्टरांकडे जायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी, सरकारचा टेली-मानस म्हणून एक फोन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

नातवाचं राहिलं. त्या विद्यार्थिनीने कातडीला पुन्हा शिकवण्यासाठी घरचाच अभ्यास दिला होता. आधी कापूस, मग मऊ फडकं, मग टॉवेल व्रणावरून फिरवायचा, आणि परातीत तांदूळ, मसूर, रवा घालून त्यात बोटं खुपसून बसायचं. एकदा मी अशी बसले असताना तो दारात उभा होता. मी म्हटलं, "माझे डोळे बांध आणि परातीत काहीतरी लपव, मी ओळखते." जरा विचार केला त्याने, मग आईची ओढणी घेऊन आत आला. मी त्याची क्षमा मागितली, नीट, शब्दांत. "हाताला लागलं होतं म्हणून मारलंस का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं, पण त्यामुळे मारणं बरोबर ठरत नाही, हेही म्हटलं. त्याने रबर, चिंचोका, आजोबांची चष्म्याची काडी असं काय काय लपवलं. पहिल्या दिवशी मला एकही ओळखता आलं नाही. मधल्या बोटाला चिंचोका कळला तो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. मी कॅलेंडर बघितलं, ऑपरेशनला पावणेसहा महिने झाले होते. दहावी 'ब'चं गणित बरोबर आलं.

डाव्या हाताचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. फोन जरूर करा, मला बोलायला आवडतं. "कसा आहे हात?" असं विचारा आणि उत्तर लांबलं तर ऐकून घ्या. भेटायला येणार असाल तर दुपारी चारनंतर या, आणि लाडू आणलेत तर पिशवीतून आणा. घट्ट झाकणाचा डबा मला अजून उघडत नाही.